फुप्फुसांचा धडा

—नाही बाई, शाळेच्या त्या पेटीत फुगा नाही सापडायचा. पुस्तकात फुप्फुसांच्या धड्यात आहे फुगा, ठाऊक आहे मला — फुगा आणि समुद्रात बुडी मारणारा माणूस! आमच्या या डोंगरात बुडी मारतंय कोण? पहिलीतली पोरं नुसती बघत बसायची. मग कान्यशाय — माझी बायको हो, तुमच्या आधी तीच शिकवायची — मला म्हणाली, "एसेनबेक, उद्या मेंढी कापशील तेव्हा फुप्फुसं नळीसकट ठेव." मला वाटलं, दूध भरून शिजवणार असेल. कसलं काय, शाळेत नेली! नळीत बोरू घालून फुंकली, फुप्फुसं टम्म फुगली, पोरं किंचाळली. आईला त्यात दूध ओतताना बघितलेली पोरं ती — झटकन कळलं.

आणि मग हिलाच खोकला लागला. नारिनच्या दवाखान्यात एकटीच जाऊन आली, म्हणाली, "वसंतात बरी होईन." मी मानलं. का नाही मानणार?

तर एके सकाळी दारात आयजार्किन — ती दोन वेण्यांची, पुढच्या बाकावरची — हातात पातेलं, त्यात ताजी फुप्फुसं, वाफ निघतेय अजून. म्हणते, "बाईंची बिघडलीत ना? ही बसवा. एकही भोक नाही, मी बघितलंय." मला हसू आलं, सोडली तिला आत. मागून मी आमचा मीठ-दुधाचा चहा घेऊन निघालो — तर दारापाशीच ऐकू आलं. कान्यशाय म्हणत होती, "फुंक. हं, आता थांब. बसली ना खाली? ही आपणहून फुगत नाहीत, बाळ. माझीपण तशीच होणार आहेत. डॉक्टर म्हणालेत." पोरगी म्हणाली, "पण वसंतात?" — "वसंतात नवीन बाई येतील."

मला हे असं कळलं, बाई. दाराबाहेर. पोरीला समजेल असं सांगितलं तिनं, अन् मला... मी आत गेलो, चहाची वाटी पुढे केली, काही ऐकलंच नाही असा. ती म्हणाली, "मीठ कमी पडलंय." मी म्हटलं, "घालतो." शेवटपर्यंत आम्ही दोघं वसंताच्याच गप्पा मारत राहिलो — कुठल्या कुरणावर जायचं, तंबूला लोकरीचा नवा नमदा कोण घालून देईल...

तुम्ही नका हो रडू. धडा शिकवा, फुप्फुसं मी पाठवीन. फक्त आयजार्किनला फुंकायला सांगू नका. घ्या ती पेटी — जा आता. कुत्रा बांधलेला आहे तोवर जा.