दोन जुड्या मेथी

ऱ्हायली न्हवं पट्टी पांढरी? मंग! सकाळपासनं मी काय म्हनतीय — आमच्या घोडीच्या रगतात काय घावायचं न्हाई. बसा हो डॉक्टरीणबाई, उभ्या कशाला? ती खुर्ची नको, ती डुगडुगती, ही घ्या. आता कागदावर 'पास' लिवायचं आन् दुपारी शर्यतीच्या घाटात आमची पळायची बारी. व्हय, यंदा यात्रा कमिटीनं लई नियम काढलेत — बैलगाड्याच्या पुढं पळनाऱ्या घोडीचं रगत तपासायचं, दुखणं मारायचं इंजेक्शन घावलं की बारी रद्द. चांगलं केलं. न्हाई, खरंच चांगलं केलं! गोजाबाई तोंडदेखलं बोलत न्हाई, आख्ख्या दिघीत कुनालाबी इचारा.

हसताय व्हय? मला येवढी खात्री कशी, आसं? आता हे तुमच्यात आन् माझ्यात हां. आमचं मालक फोनवर 'इंजेक्शन' म्हनत न्हाईत. शेजारचा रणजीत कमिटीत हाय, त्याचं निम्मं ध्यान आमच्या गोठ्याकडं. म्हनून मालकांनी शब्द काढला — मेथी. 'घोडीला मेथी दे' म्हंजे फ्रिजमधली बाटली काढायची आन् मानंला टोचायची. टोचते मीच. म्हशींना टोचून टोचून हात बसलाय माझा, तुमच्यापरास हलका आसंल, राग मानू नका. एक जुडी म्हंजे साधा डोस, दोन जुड्या म्हंजे डबल. काल हे गेले पुनावळ्याला, गिऱ्हाइकाला प्लॉट दाखवायला — तिथनं फोन. 'उद्या तपासणी हाय ती मी बघतो, तू मेथी दे, दोन जुड्या.' बघतो म्हंजे काय बघनार, देव जाने. मी म्हनलं, बरं. पदर खोचला, रिक्षा केली, आळंदी रोडला भाजीवालीकडनं दोन जुड्या घेतल्या — ताज्या, कवळ्या — आन् ठिवल्या घोडीपुढं. देठासकट खाल्ल्या बयेनं! संध्याकाळी मालक इचारत्यात, दिली का मेथी? दिली. दोन्ही जुड्या? दोन्ही. मंग आता कशी हाय? म्हनलं, खूष हाय, अजून मागती. त्यात एक शबूद खोटा आसंल तर सांगा! आन् बाटली दिली मोरीत वतून.

का म्हंजे? गंमत म्हनून. — आवो, खरंच गंमत. चाळीस वर्सं ज्याच्या शब्दाबाहेर गेले न्हाई, त्याचाच शबूद धरून चालले, ह्यात माझं काय चुकलं? — आसं बघू नका माझ्याकडं. तुमी डॉक्टर हाय का पोलीस?

पाय हाय तिचा. पुढचा डावा. आता कशी उभी हाय बघा, नटून, जशी काय नवरीच. उभी ऱ्हायली की कुनालाच कळत न्हाई. गेल्या साली चाकणकडच्या घाटात पळाली — अंगात मेथी होती, हिरवी न्हवं, बाटलीतली — पाय दुखतोय हे घोडीलाच कळंना, मंग ती कशाला थांबती? निशाणाच्या पुढं गेली आन् आली गुडघ्यावर. वर आमची अपेक्षा. माझी नात हो, मघाशी घोडीला धरून उभी होती ती, कालिजात जाती. पोरगी घोडीवर बसली की लोक उठून बघत्यात, मालकांची छाती फुगती. पर घोडी पडली तरी मागली बैलं थांबत न्हाईत, त्यांना काय बिरेक हाय? पोरीच्या खांद्याचं हाड मोडलं, आन् बैलाचा खूर कानापासनं चार बोटं लांब पडला. चार बोटं, ही येवढी. दवाखान्यात सांगितलं स्कुटीवरनं पडली — हे लिवू नका. स्कुटीवरनंच पडली ती. लिवलं का? खोडा. आवो, मी बघत होते, तिथंच, दोरीला धरून. आजबी भ्या वाटतं मला.

तर मी मनात ठरिवलं, यंदा दुखू दे बिचारीला. दुखलं म्हंजे लंगडंल, लंगडली म्हंजे तुमी थांबवाल, आन् माझ्यावर काय येनार न्हाई. आन् तुमी? तुमी पट्टी बघितली आन् निघाला पास लिवायला! मी येवढी शानी, पर हे ध्यानातच आलं न्हाई — खरी मेथी खाल्लेली घोडी पट्टीत पास व्हनारच! तुमची पट्टी रगत बघती बाई, पाय कोन बघनार? मालकांना सांगून झालं, पोरीला सांगून झालं. ती म्हनती, 'आज्जी, यंदा नंबर आपलाच.' आता आज्जीनं काय करावं?

म्हनून म्हनते, पळवून बघा. हितं न्हाई, मातीत लपतं तिचं. त्या बिल्डिंगीच्या पार्किंगमधी कोबा हाय, तिथं दुडकी पळवा, लगेच कळंल. मी सांगितलं म्हनू नका — थांबा. मालकांची बुलेट वळली. आले.

आवो, बरं झालं आलात! ही बाई ऐकतच न्हाई — पट्टी पांढरी निघाली तरी म्हनती घोडी कोब्यावर पळवा! मी नको नको म्हनतीय! नियम हाय म्हनती. हाय न्हवं नियम, डॉक्टरीणबाई? मान काय हलिवता, तोंडानं बोला की — हां. ऐकलंत? अपेक्षा, धर गं लगाम. वर बसू नको! नुसती धरून पळव. अजून. अजून जरा —

...

पाय टेकला की मान झटकती. दिसलं? आवो, माझ्याकडं काय बघताय, मी काय शिकलीय व्हय डॉक्टरकी? तुमी लिवा हो बाई. मोठ्या अक्षरात लिवा. सही करा. आन् निघा आता हितनं — चहाबिहा काय मिळायचा न्हाई, आमची बारी बंद पाडलीत तुमी!