हाक मारायची कशी

—पाय खाली सोडू नको गो दिशा, सुजेल. पाटावर ठेव. हळद लावलीय, उद्यापर्यंत उतरेल. सुरगडाचं गवत तसंच हाय, माघात सुकलं की तेल लावल्यासारखं, आम्ही पण घसरतो. शेजारची सरू मोळी घेऊन उतरत होती म्हणून अर्ध्या वाटेवरनं तुला घेऊन तरी आली. आणि साईराजला आमच्या ह्यांच्यासंगं वर पाठवलंस ते बरं केलंस, एवढ्या लांबनं आलाव तर एकानं तरी गड बघावा. घे, वालाच्या शेंगा सोल, हात तर धड हायत ना? दाण्यांची आमटी करू, आणि उरलेल्या अख्ख्या शेंगांची संध्याकाळी मडक्यात पोपटी लावीन तुम्हाला.

ती तुमची गाडी— सकाळी मी आत डोकावले हां, विचारलं नाय. पलंग काय, शेगडी काय, भांडी घासायला मोरी पण! तीन महिने त्यातच? दोघंच? मग भांडलाव की जायचं कुठं गो? —तिथंच, पाठीला पाठ लावून? म्हणजे सकाळपर्यंत मिटतच असणार. आम्हाला तीन खोल्या आणि वर पडवी, म्हणून आज आठवा दिवस, बोलणं नाय. —छे, मोठं काय नाय! दसऱ्याला गडावर पाण्याच्या टाक्यापाशी चक्कर येऊन बसले हे. रोह्याचा डॉक्टर बोलला, चढ बंद. पण ह्या माणसाचे पाय गड दिसला की शिवशिवतात. परवा— परवा नाय, त्याला आठ दिवस झाले— पँटीला ही कुसळं, आणि मला सांगतात खांबला बाजारात गेलो होतो! खांबच्या बाजारात कुसळं कधीपासून मिळायला लागली? मी बोलले, जा, चढा, तिकडंच राहा, मला काय! तेव्हापासून अबोला. सकाळी तुमच्यासंगं निघाले तेव्हा मी नुसतं 'नको' बोलले असते तरी थांबले असते. मी आपली भाकऱ्या थापत बसले. माझंच चुकलं.

किती वाजले? चार? जेवायला खाली येतो बोलले होते ना? फोन लावून काय उपयोग, वर रेंज नाय. मी कुठं घाबरले? —अगो बाई, दाणे कोंबड्यांना टाकले आणि सालं टोपात!

हाक? मारते की. थांब, आंब्याखालनं मारते, तिथनं आवाज वरपर्यंत जातो. ओ मिथुनचे बाबाऽऽ! —आली, ओ आली! ...नाय गो. तो जगन, खळ्यातनं. आणि ही दुसरी शिवाची, नदीवरनं. वाडीत तीन मिथुन हायत, एकाच सालातले. हाक मारली की सगळे बाप ओ देतात. —तुम्ही नाय हो भावोजी, आमच्या मिथुनचे बाबा! —बघ, दोघं बोलले आणि पाहिजे तोच गप्प.

नावानं? खुळी का काय! तू सकाळपासून साईराज साईराज करतेस, तुमचं चालतं. मी चाळीस वर्षांत एकदाच घेतलं, लग्नात, उखाण्यात, ते पण इतकं हळू की करवल्या बोलल्या परत घे. —नको, तू नको मारू. तुझ्या आवाजाला ते थांबायचे नायत. आठ दिवस ते वाट बघतायत ती माझ्या आवाजाची.

इकडं बघू नको. तिकडं तोंड कर.

केरूऽऽऽ! अरे केरूऽऽऽ!

...जगनचं सूप थांबलं बघ. सगळी वाडी ऐकतेय. ऐकू दे.

—आली? तू पण ऐकलीस ना? वरनंच ना? आणि मागनं तो हसण्याचा आवाज— तुझा साईराज. दोघं हायत. दोघं धड हायत गो बाय.

काय नाय, डोळ्यात कचरा गेला. ऊठ, लंगडत का होईना आत जा, चुलीवर चहाचं आधण ठेव. आणि ऐक, ते खाली आले तरी मी बोलायची नाय, आठवा दिवस अजून संपलेला नाय. हाक कोणी मारली विचारलं तर सांगायचं, तू मारलीस. काय? जा आता.