दगडू पैलवानाची पाठ

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे थोडं इकडचं तिकडे झालं असेल, पण खराच.

तळवड्याच्या जत्रेतलं नाटक मी बसवत होतो. नायक आमचा दगडू पैलवान. सगळ्या तालमींत त्याला एकच धडा घोकवला, "प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही."

प्रयोगाला स्टेज बांधलं ते नेमकं देवळाच्या पुढ्यात. दगडू म्हणाला, "मास्तर, मागं देव हाय. त्यालाबी पाठ न्हाई दाखवायची."

झालं! गडी अख्खं नाटक खेकड्यासारखा आडवा चालला. शेवटी खलनायकाने त्याच्या पाठीत खंजीर खुपसायचा, तर पाठच सापडेना. गोल फिरून फिरून बिचारा लोकांदेखत ओरडला, "दगडूदादा, मरा की आता!"

मी विंगेतून हात जोडले, "अरे बाबा, पोटात खुपस!" तर दगडूने खंजीरच हिसकावला. शेवटी मी कपाळ बडवून पडदा पाडला.

आता देवळाची तेवढी थाप. देऊळ पार वेशीबाहेर होतं. पण पुढच्या रांगेत दगडूची सगळी सासुरवाडी बसलेली, त्यांच्यासमोर गडी मरायलाच तयार नव्हता.