पोट दुखते खाली

दिल्लीकडचा तो डॉक्टर आठवला की माझं डोकं अजून फिरतं. पंचवीस वर्षं झाली असतील. हिंगणीच्या माझ्या मावशीच्या पोटात कळा येत होत्या, म्हणून मी तिला वर्ध्याच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरने मान वर न करता विचारलं, “कहाँ दुखता है?”

मावशी तिच्या हिंदीत म्हणाली, “पेट दुखता, खाली.”

तिचं खाली म्हणजे पोटाच्या खालच्या बाजूला. साहेबांच्या हिंदीत खाली म्हणजे रिकामं.

“खाली पेट? तो भूखी मत रहो,” म्हणत त्याने पोटाला हात न लावता ॲसिडिटीच्या गोळ्या लिहिल्या. मी सांगायला गेलो, तर म्हणे, “मरीज को बोलने दो.”

दोन दिवसांत अपेंडिक्स फुटलं. ऑपरेशन झालं, मावशी कशीबशी वाचली.

नंतर हाच विद्वान खाटेपाशी येऊन मला सांगतो, “गलती इनकी है. इनको हिंदी नहीं आती.” स्वतः तीन वर्षं वर्ध्यात राहून मराठीचा एक शब्द शिकला नव्हता.

मावशीने डोळे उघडले. “नाई येत, बाबू,” ती म्हणाली. “पन माहं पोट मराठीतच दुखते, त्याले मी काय करू?”