बूटपॉलिशची लस

(इंदूर. कृष्णपुरा छत्रीजवळचा फुटपाथ, सकाळची वेळ. पोह्याचं पातेलं निम्मं झालंय. रस्त्यापलीकडे लस द्यायची गाडी उभी आहे.)

प्रेमलता : जीभ काढा, काका.

मालोजी : सकाळी सकाळी? आमचा पणजोबा होळकरांच्या घोडदळात होता. आम्ही फुटपाथवर झोपतो, पण जीभ कोणापुढे काढत नाही.

प्रेमलता : मग पोहे नाही मिळणार.

मालोजी : असं म्हणतेस? बघ मग. आ.

प्रेमलता : काळीकुट्ट आहे.

मालोजी : जांभळं खाल्ली.

प्रेमलता : दिवाळी होऊन गेली, आता कुठली जांभळं?

मालोजी : सरदारांकडे बारा महिने येतात.

प्रेमलता : मग सरदारांनी सगळ्यांना वाटलेली दिसतात. रमाबाईची जीभ काळी, पॉलिशवाल्या यशवर्धनची काळी, अख्ख्या लाइनीची काळी. काका, लस घेतली की करंगळीच्या नखावर शाई लावतात. ती शाई दाखवली की मी पोहे-जिलेबी देते. खरी शाई साबणानं जात नाही. तुमची जिलेबीच्या पाकानं गेली. बोटं चाटलीत आणि सगळं जिभेवर आलं. मी रमाबाईच्या बोटाचा वास घेतलाय. बूटपॉलिश आहे ते.

मालोजी : तू पोलिसात भरती हो. इथं कुठं वेळ घालवतेस?

प्रेमलता : आयडिया कोणाची होती?

मालोजी : यशवर्धनची डबी, माझं डोकं. आईनं त्याचं नाव राजपुत्राचं ठेवलं, म्हटलं एकदा तरी काहीतरी मोठं काम करू दे त्याला.

प्रेमलता : हसू नका. मी काल संस्थेत छाती फुगवून सांगून आले, की छत्रीपाशी सगळ्यांचं झालं. सगळे म्हणाले, बघा, फुटपाथवाल्याचं फुटपाथवालाच ऐकतो, म्हणून तर प्रेमलताला ठेवलं. आणि इथं एकानंही टोचून घेतलेलं नाही.

मालोजी : ऐकलं ना सगळ्यांनी तुझं. तू म्हणालीस पोहे खा, आम्ही खाल्ले.

प्रेमलता : काका, गेल्या थंडीत पंढरीनाथ इथंच खोकत खोकत गेला. त्याला न्यूमोनिया झाला होता, ही लस त्याच आजारावरची आहे. तुमची छाती आत्ताच जुन्या टेम्पोसारखी वाजते. अजून पौष यायचाय. आणि तुम्ही घेतली नाही तर लाइनीतला एकही माणूस घेणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही खाकरलात तरी ते खाकरतात.

मालोजी : ते प्रेम आहे त्यांचं. तुला नाही कळायचं. तू आता संस्थेची जाकीटवाली झालीस. गळ्यात कार्ड, झोपायला रैन बसेऱ्यात पलंग. आधी इथं माझ्या डाव्या अंगाला झोपायचीस आणि घोरायचीस.

प्रेमलता : घोरायचे ना? मग तेही आठवा. पहिल्या रात्री मी माझ्या पोराला, मुकुलला घेऊन इथं आले तेव्हा तुम्ही स्वतःचा पुठ्ठा अर्धा फाडून आम्हाला दिलात. तो दारुडा आला तर काठी घेऊन उठलात, आणि मालवी बोलीत अशा शिव्या दिल्यात की तो पुन्हा इकडं फिरकला नाही. तुम्ही नसता तर मी आज कुठं असते देव जाणे. म्हणून सांगते, या थंडीत तुम्ही मरायचं नाही. मला नाही चालणार.

मालोजी : तुझी परवानगी काढूनच मरेन.

प्रेमलता : मग चला. समोर रस्ता ओलांडला की गाडी आहे.

मालोजी : तिथंच तर घोडं अडलंय ना. गाडी आहे.

प्रेमलता : गाडी आहे म्हणजे?

मालोजी : तुला तेव्हा नुकताच पलंग मिळाला होता, म्हणून तुला ठाऊक नाही. गेल्या थंडीत अशीच एक गाडी आली होती. आतला माणूस इतका गोड बोलला, की आमचे व्याहीसुद्धा कधी तसे बोलले नाहीत. बाबा, कांबळी मिळणार, गरम खिचडी मिळणार, बसा. बसलो. पंढरीनाथ तर खिडकीपाशी, वरातीत बसल्यासारखा. महू गेलं, मी मनात म्हटलं, कांबळी जरा लांब दिसतात. मानपूर आलं, तेव्हा विचारलं, भिया, खिचडी काय मुंबईत शिजतेय? तो म्हणाला, उतरा. उतरलो. दार लागलं आणि गाडी फिरली. शहरात कोणी मोठे लोक यायचे होते म्हणे, फुटपाथ चकाचक दिसायला हवा होता. आम्ही म्हणजे त्यांचा कचरा. हायवेवर ट्रकवाल्यांच्या हातापाया पडत, अर्धं चालत परत आलो. पंढरीनाथच्या छातीत थंडी शिरली ती तिथंच.

प्रेमलता : मला कोणी बोललंच नाही हे.

मालोजी : काय बोलणार? एवढी दुनिया बघितलेले आम्ही, एका कांबळ्याला भुललो. लाज वाटते. तेव्हापासून मी कुठल्याच गाडीच्या पायरीवर पाय ठेवत नाही. लाइनीतलं कोणीच ठेवत नाही. मेलो तरी हातगाडीवरून न्या म्हणून सांगून ठेवलंय यशवर्धनला.

प्रेमलता : ही तशी गाडी नाही, काका. मी आहे ना तिच्यात.

मालोजी : तू आहेस. बरं झालं विषय काढलास. सोमवारी तू इथं आलीस, तेव्हा तुझ्या डाव्या दंडावर कापूस चिकटवलेला होता. म्हणालीस, बघा, मी आत्ताच घेऊन आले, काही होत नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग मी राजवाड्यापाशी गेलो, तिथं तू पुन्हा भाषण करत होतीस, कापूस उजव्या दंडावर. पुढं सराफ्याच्या तोंडाशी भेटलीस तर परत डावा. तू काय चाळणी आहेस का, जागोजागी टोचून घ्यायला?

प्रेमलता : तुम्ही तिन्ही ठिकाणी होतात?

मालोजी : तुम्हा जाकीटवाल्यांना वाटतं फुटपाथवाला म्हणजे खुंट्याला बांधलेली म्हैस. अगं, जिथं जेवण मिळतं तिथं आम्ही जातो. सगळं शहर फिरतो. बोल, खरी कुठल्या दंडात घेतलीस?

प्रेमलता : लोक म्हणतात, आधी तू घे. म्हणून दाखवायला लावते कापूस.

मालोजी : कुठल्या दंडात?

प्रेमलता : एकाही नाही.

मालोजी : वा रे वा. आम्ही चोर, तू चोरावर मोर. मी बूटपॉलिश लावतो तर त्याची एवढी पंचाईत, आणि तू कापूस लावतेस ती जनसेवा?

प्रेमलता : काका, मला सुई बघवत नाही.

मालोजी : माझ्यासारख्या मालवीत शिव्या देणाऱ्याशी भांडायला घाबरत नाहीस, सुईला घाबरतेस?

प्रेमलता : सुई दिसली की मुकुल दिसतो. नाल्याच्या भिंतीला टेकून बसला होता. मला वाटलं, नशेत झोपलाय, मी त्याला ओरडलेसुद्धा. हात लावला तर अंग गार, बाही वर केली तर सुई तशीच दंडात. मीच काढली ती, ह्या हातानं. दुसऱ्याला टोचतात तेव्हा मी पाठ करून उभी राहते. माझ्या दंडाजवळ आली की मी उठून पळते. संस्थेत कसं सांगू? म्हणतील, हिलाच भीती वाटते आणि ही दुसऱ्यांना काय समजावणार.

मालोजी : मला आधी का नाही सांगितलंस?

प्रेमलता : तुम्ही कुठं मानपूरचं सांगितलंत?

मालोजी : हां, तेही खरं. मुकुल चांगला पोरगा होता. सुंदर शिव्या द्यायचा. मीच शिकवल्या होत्या.

प्रेमलता : माहीत आहे. रात्री येऊन माझ्यावरच प्रॅक्टिस करायचा.

शैलजा : प्रेमलताताई, मी तिकडं गाडीत माशा मारत बसलेय. पेशंट कुठायत?

प्रेमलता : काका, ह्या शैलजाताई. लस ह्याच टोचतात. ताई, एक प्रॉब्लेम आहे. इथं कोणाचंच झालेलं नाही. ती शाई बूटपॉलिश होती.

शैलजा : तरीच. मी विचार करतेय, पोहे संपतात आणि लसी उरतात कशा.

मालोजी : बाईसाहेब, तुम्ही पेटी घेऊन इकडं या. आम्ही बाह्या वर करून बसतो.

शैलजा : नाही जमणार, बाबा. धुळीत मी टोचत नाही. टोचल्यावर अर्धा तास नजरेसमोर बसवावं लागतं, कोणाला चक्कर आली तर पलंग आणि औषधं आतच आहेत. गाडीतच यावं लागेल.

प्रेमलता : ताई, ह्यांना एकदा गाडीत घालून मानपूरच्या पुढं सोडून आले होते. थंडीत. म्हणून कोणी चढत नाही.

शैलजा : कोणी केलं असं?

मालोजी : गोड बोलणाऱ्यानं. तुम्ही कडक बोलता म्हणून तुमच्याशी बोलतोय तरी.

शैलजा : मग आता काय करायचं, तुम्हीच सांगा. रिकाम्या हातानं मी परत जाणार नाही.

मालोजी : गाडीची किल्ली माझ्या हातात द्या. सगळ्यांचं होईपर्यंत मी सोडणार नाही. किल्ली आमच्याकडे असली तर गाडी कुठं जाणार?

शैलजा : ड्रायव्हर भिया तयार होणार नाही. किल्ली म्हणजे त्याचा जीव.

मालोजी : आमचाही गेलाय एक जीव. विचारून तर बघा.

शैलजा : थांबा, आलेच.

प्रेमलता : काका, किल्ली दिली तर खरंच चढाल?

मालोजी : शब्द म्हणजे शब्द. पण एकटा नाही. तूही दंड पुढं करायचा. कापसाशिवाय.

प्रेमलता : माझं नंतर बघू.

मालोजी : लाइन उठून उभी राहिली, बघ. रमाबाई चप्पल शोधतेय. त्या सगळ्यांनी तुझा कापूस बघितलाय. आता त्यांना काय दाखवशील?

शैलजा : घ्या किल्ली. भिया म्हणाला, हरवली तर त्याची नोकरी जाईल. मी म्हटलं, मग आपण दोघं ह्याच बाबांच्या शेजारी पुठ्ठा टाकू.

मालोजी : जागा आहे. प्रेमलताची रिकामीच आहे. चला, रस्ता ओलांडा. यशवर्धन, डबी तिथंच ठेव, आज तिचं काम नाही.

शैलजा : सांभाळून चढा, पायरी उंच आहे. बसा इथं. खोल श्वास घ्या.

मालोजी : थांबा. ही किल्ली खरी ह्याच गाडीची ना?

शैलजा : भिया, बाबांना एकदा गाडी चालू करून दाखवा. ऐकलंत? आता बंद. ही घ्या परत.

मालोजी : टोचा मग.

शैलजा : झालं.

मालोजी : एवढ्यासाठी मी पॉलिश खाल्लं? चल प्रेमलता, बस. उठू नकोस, मी इथंच आहे. शैलजाबाई, हिला सुईची भीती आहे. कारण विचारू नका, खरं आहे ते.

शैलजा : नाही विचारत. ताई, बाही वर घ्या.

प्रेमलता : काका, नको. माझे पाय बघा कसे लटपटतायत.

मालोजी : पायात नाही टोचत त्या. हे धर, किल्ली. मुठीत घट्ट. आता गाडी तुझ्या ताब्यात आहे, तू म्हणशील तेव्हाच हलेल. डोळे मीट हवं तर. मुकुलच्या शिव्या आठव. मोठ्यानं दे, इथं कोणी वाईट वाटून घेणार नाही.

प्रेमलता : शैलजाताईंसमोर?

शैलजा : द्या की. मी इंदूरचीच आहे.

प्रेमलता : थांबा ताई, मी तयार झाले की सांगते.

शैलजा : सांगायची गरज नाही. झालं.

प्रेमलता : कधी?

शैलजा : तुम्ही लाजत होतात तेव्हा.

प्रेमलता : काका, एवढंच दुखतं?

मालोजी : एवढंच.

प्रेमलता : म्हणजे मुकुललाही…

मालोजी : त्यालाही एवढंच दुखलं असेल, पोरी. बोट पुढं कर आता, शाई लावू दे त्यांना. आणि चाटू नकोस.