एकाच दारात पाच आणि सात

वेणूताई : ...आणि जात्याशी बसल्या बसल्या द्वारकाबाई मला म्हणाली, "ए पुन्याच्या बाई, तुज्या या डबीत माजा गळा मावंल का?" डबी म्हणजे माझा टेपरेकॉर्डर. मुळशीकडचं गाव, ब्याण्णव साल. उत्तराची वाट न बघता सुरूच झाली —
चांदणी मावळली, दळण सरंना
लेकीचं नाव घेता ओवी पुरंना
खुंट्याला धरलेला माझा हात तसाच राहिला बघा.

शुभंकर : ताई, तुम्ही सांगत राहा, फक्त माझा हात चालू दे. आज सहाला सर्व्हर भाड्यानं देणारी कंपनी जुना सर्व्हर बंद करणार. त्याआधी तुमची ओव्यांची साइट नव्या सर्व्हरवर गायला लागली पाहिजे.

वेणूताई : आणि नाही लागली तर?

शुभंकर : फायली राहतील. पण ट्रंकेत घडी घालून ठेवलेल्या लुगड्यासारख्या. कोणाला ऐकता नाही येणार.

वेणूताई : त्या बायका गेल्या रे बहुतेक. त्यांच्या लेकी आहेत, कुठे कुठे दिलेल्या. फोनवर साइट उघडतात न् आईचा आवाज ऐकतात. सणावाराला तर हमखास.

निकिता : मी काय म्हणून राहिले शुभंकर, जुनी साइट सोडून दे ना. शाळेच्या पोरांसाठी ताईंची नवीन साइट केली ना मी, पीएचपी सातवर? पळते नुसती! ही जुनी पाचवर लिहिलेली. सातला तिचं अर्धं बोलणं कळतच नाही.

वेणूताई : पाच, सात... तुम्ही दोघं खराडीहून कर्वेनगरला शनिवार वाया घालवून आलात, ते पाढे म्हणायला?

शुभंकर : अहो ताई, साइट ज्या भाषेत लिहितात ना, तिच्या आवृत्त्या. पाच जुनी, सात नवी.

वेणूताई : म्हणजे सासूची बोली सुनेला कळत नाही. यात नवीन काय?

निकिता : मी सगळं सातमध्ये परत लिहून देते ताई, शप्पथ. तीन महिने द्या.

वेणूताई : मध्ये दिवाळी आहे, निकिता. भाऊबीजेला माहेर नसलेल्या लेकींना काय सांगू? काम चालू आहे, तसदीबद्दल क्षमस्व?

शुभंकर : थांबा! दोघींना ठेवू या. एकाच सर्व्हरवर पाचही आणि सातही!

वेणूताई : भांडणार नाहीत?

शुभंकर : एका घरात दोन चुली, ताई. दारात एक राखणदार. पाहुण्यानं नव्या साइटचं नाव घेतलं, तर त्यानं सातच्या चुलीकडे धाडायचं. ओव्यांचं नाव घेतलं, तर पाचच्या.

वेणूताई : राखणदार पुण्याबाहेरचा घ्या हो. इथला 'आत्ता कोणी घरी नाही' म्हणेल.

निकिता : पण पाच म्हातारी झाली ना! पुढच्या वर्षीनंतर तिला दुरुस्त्याही मिळणार नाहीत. चोर घुसला तर?

शुभंकर : म्हणून तिचे सगळे फॉर्म काढले मी. अभिप्राय नाही, नावनोंदणी नाही. कोणाकडून काही घ्यायचं नाही, नुसतं गायचं. तोवर तुझं नवीन लिहून होईल.

वेणूताई : बाई, काय सुखाचं म्हातारपण!

शुभंकर : बसली! पाच बसली सातच्या शेजारी! आता ओव्यांचं पान उघडतो... हे घ्या!

वेणूताई : कोरं आहे.

निकिता : पांढरंफटक.

शुभंकर : असं कसं? हे बघ, सर्व्हरला हुकूम टाइप करायच्या या काळ्या खिडकीत विचारलं, कुठली आवृत्ती? म्हणते, पाच. परत विचारतो. पाच! मग हिला झालं काय?

वेणूताई : पावणेसहा, शुभंकर.

शुभंकर : माहितीये ताई, माहितीये...

निकिता : ए, थांब. तू विचारून कोणाला राहिला?

शुभंकर : सर्व्हरला!

निकिता : नाही ना! काळी खिडकी आपल्यापुरतं सांगते. साइट थोडीच तिला विचारून चालते! साइटला तिच्याच तोंडून विचार. ओव्यांच्या घरात एक इवलंसं पान टाक, आवृत्ती सांगणारं, आणि ते ब्राउझरमधून उघड.

शुभंकर : टाकलं. उघडलं... सात! अगं, सात म्हणते! पाहुणे सगळे सातकडेच चाललेत!

निकिता : राखणदाराची फाइल दाखव. खाली... अजून खाली... ही बघ! माझ्या साइटची ओळ जशीच्या तशी चिकटवली तू. इथे पाचची चूल लिही. हां. आता त्याला म्हण, फाइल परत वाच.

शुभंकर : वाचली.

निकिता : उघड ना लवकर! कोणतीही ओवी दाब!

(लॅपटॉपमधून जात्याची घरघर, मग एका बाईचा आवाज.)

निकिता : आली! गाते, गाते! ताई, बघा, शब्दही उमटले पडद्यावर —
लेक निघाली सासरी, पायवाट ही बांधाची
मागं वळून बघंना, बाई मोठ्या गं मनाची

शुभंकर : आणि तुझी नवीन? चालू! दोघीही चालू, निकिता! एकाच दारात!

निकिता : मी सोडून दे म्हणत होते हिला... काय आवाज आहे, बाप रे! ताई, कोण ही?

वेणूताई : नाव लिहिलंय ना खाली. तुळसाबाई.

शुभंकर : ताई, आवाज पहिल्यासारखाच आहे ना? तुम्ही 'ठीक' म्हणा, की मी कंपनीला कळवतो, करा जुना बंद.

वेणूताई : निकिताला विचार.

निकिता : मला काय कळणार? समोर बसून तुम्ही ऐकलेलं.

शुभंकर : परत लावू? मोठा करून?

वेणूताई : नको. मोठा करून उपयोग नाही. कानातलं हे यंत्र आहे ना, त्याला तुमचं बोलणं कळतं. गाणं लागलं, की नुसती पत्र्यावर वाळू. दोन वर्षं झाली. कोणाला बोलले नाही. म्हटलं असतं सगळ्यांनी, मग कशाला ठेवायची ती साइट? ...इकडे सरक, निकिता. परत लाव, आणि ऐकून मला सांग. 'मनाची' म्हणताना तुळसाबाईचा गळा जरासा कापायचा. कापतो का गं अजून?