भिंत एकदाच बंद होते

‘चालतं हो!’ हे दोन शब्द पहिल्यांदा ज्याच्या तोंडून निघाले ना, त्याला माझ्यासमोर उभा करा! जगात जे जे वाकडं, गळकं आणि जळकं आहे, ते सगळं त्याचंच पाप! हसू नका, तुम्हीही त्यातलेच!

तुम्हाला सांगते, मला फक्त वायर घ्यायची होती. स्पीकरची, अठरा मीटर. मामाच्या खोलीतल्या प्लेअरपासून भिंतीच्या आतून थेट मागच्या अंगणातल्या बाकापर्यंत. कारण मामाची नजर गेली. ज्यानं मला वाचायला शिकवलं त्याला आता अक्षर दिसत नाही. शनिवारी तो दवाखान्यातून घरी येणार, दिवसभर बाकावर बसणार आणि ऐकणार... दुसरं करणार काय? त्याला उरलेत फक्त कान! आणि शनिवारीच सकाळी भिंतीला गिलावा. म्हणजे वायर त्याआधी आत जायला हवी आणि योग्यच जायला हवी, कारण भिंत एकदाच बंद होते!

आधी आमचे बाबा. “माळ्यावर डोअरबेलची गुंडाळी उरलीय की! वायर ती वायर.” बाबा, ती केसाएवढी! अठरा मीटर जाईपर्यंत आवाज वाटेतच दमेल, जाड तांबं हवं, चौदा गेजचं. “मग सोळाचं घे, दोन जास्तच असू देत.” अहो, गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते! “मग आकडे उलटे कशाला देतात?” मी दिलेत का? मी?

मग दुकानदार. त्यानं पारदर्शक वायर काउंटरवर अशी सोडली, जणू गळ्यातला हार! “बघा मॅडम, शुद्ध तांबं, आरपार दिसतंय.” मी टोक घेतलं आणि किल्लीनं खरवडलं. आत पांढरंफटक ॲल्युमिनियम, वर नुसता तांब्याचा मुलामा! यावर तो काय म्हणाला असेल? “मॅडम, वायर ऐकायची असते, सोलायची नसते!” आणि वर आणखी, “भिंतीच्या आत कोण बघायला येतंय?”

आग येते बघायला, आग! भिंतीतल्या वायरचं आवरण पेट न घेणारं लागतं, अंगणातल्या वायरचं ऊन-पाणी सोसणारं, नाहीतर दोन उन्हाळ्यांत तडकतं. दोन्ही सोसणारी वायर मिळते, तिच्या अंगावर तसं छापलेलं असतं, शाळेत गेलेल्या कुणालाही वाचता येतं! “चालतं हो, लोक हीच नेतात.” तुम्ही हीच विकता म्हणून नेतात! भिंत एकदाच बंद होते, म्हटलं, आणि निघाले.

रस्त्यात जिजाजींचा फोन. “कुठल्या जमान्यात आहेस? वायरलेस घे ना!” घेते की. रोज चार्ज करायला कोण येणार, तुम्ही? की मामानं दिवसभर बटणं चाचपायची? तर म्हणतात, “एवढं चिडायला काय झालं?” फोन ठेवला!

पाचव्या दुकानात मिळाली. काळी, जाड, चौदाची, अंगावर दोन्ही छापलेलं. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या!

घरी आले तर इलेक्ट्रिशियन तयारच. “ताई, दिव्याच्या वायरींच्या पाइपातूनच ढकलतो. चालतं हो!” अहो, दोन्ही एकत्र घालत नाहीत, धोका असतो! आणि वर गाण्यात दिवसभर घूंऽऽ. मामानं काय ऐकायचं, मधमाश्यांचं पोळं? “मग तुम्हीच करा,” म्हणाला. केलं! वेगळा पाइप टाकला, दोन बोटांची सालं काढून घेतली, बाहेरच्या भोकाशी वायरला खाली झोका दिला, म्हणजे पावसाचं पाणी तारेवरून घरात न येता तिथंच ठिबकेल. स्वतः केलं!

राहिले गवंडीकाका. त्यांना बजावलं. एकदा नाही, सात वेळा! काका, भिंत एकदाच बंद होते! फट नको, भोक नको, काही म्हणजे काही बाहेर दिसता कामा नये! ते मान हलवत राहिले. ‘चालतं हो’ म्हणाले नाहीत. मला वाटलं, भेटला एकदाचा माणूस! आणि मी मामाला आणायला गेले.

परत आले. मामाला बाकावर बसवलं. स्पीकर आणला. आणि भिंत बघितली...

आरसा! आरसा हो! गुळगुळीत, एकसंध. आत बघितलं, तिथंही आरसा! वायर नाही, टोक नाही, झोका नाही!

“काका... टोकं?”

“ढकलली आत दोन्ही. लोंबत होती. तुम्हीच म्हणालात ना, काही बाहेर दिसता कामा नये?”

बाकावरून मामा विचारतो, “अगं, लाव की काहीतरी. कधीचा बसलोय!”

मी भिंतीवर हात फिरवत टोक शोधत राहिले. गवंडीकाकांनी हात पुसले, खिशातून स्वतःचा सिमेंटनं माखलेला फोन काढला, एक गाणं लावलं आणि मामाच्या मांडीवर ठेवला. पत्र्याच्या डब्यात गातंय असा आवाज! आणि मामा... मामानं मान डोलवायला सुरुवात केली.

काका माझ्याकडे वळून म्हणाले, “भिंतीचं काय, उद्या परत फोडू. तोवर हे... चालतं हो!”